‘बरं हाय’च्या पुढं

लोखंडी तव्यावर गंज चढायला किती दिवस लागतात, हे मला माहीत नव्हतं. पावसाळ्यात आठवडा पुरतो, असं नंतर घरी विचारल्यावर कळलं. कसबा बावड्यात एका आक्कांच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला म्हणून शिरलो, तर खुंटीला भाकरीचा तवा टांगलेला. कडेपासून मधोमधपर्यंत तांबूस झालेला. शेजारी काठवट पालथी, तिच्यावर धूळ. कोल्हापुरातल्या घरात भाकरीचा तवा गंजतो, तेव्हा त्या घराचं काहीतरी बिनसलंय हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

या आक्कांना मी त्याआधी तीन महिने, दर रविवारी, चर्चमधली उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर विचारत होतो, “काय आक्का, बरं हाय न्हवं?” त्या दर रविवारी सांगायच्या, “बरं हाय बाबा, प्रभूची कृपा.” मी पुढच्या माणसाकडं वळायचो. त्यांच्या हाताला कंप सुटला होता. पीठ मळता येत नव्हतं, गॅसचा लायटर दाबता येत नव्हता. शेजारची पोर कॉलेजला जाताना गॅस पेटवून द्यायची, आक्का थर्मासभर चहा करून ठेवायच्या आणि दिवसभर त्यात खारी बुडवून खायच्या. पोरीला वाटायचं, म्हातारीला चहाची तलफ आहे.

मी एकतीस वर्षं केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेत, कंडक्टर होतो. निवृत्त झाल्यावर चर्चच्या मंडळीनं मला ‘वडील’, म्हणजे मंडळीचा एक जबाबदार माणूस, नेमलं आणि भेटींचं काम दिलं. ‘तुम्हाला माणसांची सवय आहे,’ म्हणाले. सवय होती खरी, पण ती तिकीट फाडण्याची. घरी जाऊन विचारपूस करणं हे वेगळं काम आहे, आणि त्यात मी बऱ्याच चुका केल्या. त्या चुकांतून आणि शास्त्रातून जे हाताला लागलं, ते इथं लिहितोय. कुणाला कामाला आलं तर बघा.

गेहजीचा प्रश्न, गेहजीची काठी

तवा बघितला त्या रात्री मी बायबलमधल्या ‘२ राजे’ या पुस्तकाचा चौथा अध्याय उघडला. शूनेम गावच्या बाईची गोष्ट. पोरगं शेतात ‘माझं डोकं, माझं डोकं’ करत कोसळलं, दुपारी आईच्या मांडीवर त्यानं जीव सोडला. तिनं त्याला अलीशा संदेष्ट्याच्या खाटेवर ठेवलं, दार लावलं, गाढवावर बसली आणि कर्मेल डोंगराकडं निघाली. अलीशानं तिला लांबून येताना बघितलं आणि गेहजी नावाच्या चाकराला पळवलं. गेहजीनं तीन प्रश्न विचारले. तू बरी आहेस का? नवरा बरा आहे का? मुलगा बरा आहे का? बाईनं उत्तर दिलं, बरं आहे. इब्री भाषेत तो एकच शब्द आहे, शालोम. आपल्या ‘सलाम’चा सख्खा भाऊ.

घरात मुलाचं प्रेत आहे, आणि बाई म्हणते बरं आहे.

ती खोटं बोलली असं मला वाटत नाही. रस्त्यात, धापा टाकत आलेल्या चाकराला, तीन प्रश्नांच्या घाईत दुसरं काय सांगणार? प्रश्न ज्या मापाचा होता त्या मापाचं उत्तर मिळालं. पायऱ्यांवर मी आक्कांना विचारत होतो तो हाच गेहजीचा प्रश्न. पुढं ती बाई अलीशापर्यंत पोचते आणि त्याचे पाय धरते. गेहजी तिला ढकलायला जातो. अलीशा म्हणतो, राहू दे तिला, तिचा जीव कासावीस झालाय, आणि परमेश्वरानं हे माझ्यापासून लपवून ठेवलंय. हे वाक्य मला फार धीर देतं. जिथं संदेष्ट्यालाच कळलं नव्हतं, तिथं आपण केएमटीच्या माणसानं स्वतःला किती कोसायचं?

गोष्ट इथं संपत नाही. अलीशा आपली काठी गेहजीकडं देतो आणि सांगतो, धावत जा, पोराच्या तोंडावर ठेव. गेहजी जातो, ठेवतो. काही होत नाही. आवाज नाही, हालचाल नाही. बाईला ते आधीच ठाऊक असावं, कारण ती अलीशाला सोडायलाच तयार नसते. शेवटी अलीशा स्वतः जातो, दार लावून घेतो, त्या गार पडलेल्या अंगाला आपलं अंग लावतो. मग अंगात ऊब येते.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सहाला फुलांच्या चित्रावर एक वचन येतं. वचन खरंच असतं, चूक त्यात काही नाही. पण माणूस दुखात असताना तेवढंच पाठवून मोकळं होणं म्हणजे गेहजीच्या हाती काठी पाठवणं. मीही कैक काठ्या पाठवल्यात.

कुणाकडं जायचं

ज्याचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे त्याच्याकडं सगळेच जातात. सीपीआर या सरकारी दवाखान्यात कुणी ॲडमिट झालं की कॉटभोवती एवढी गर्दी होते की सिस्टर ओरडते. राहून जातात ते गप्प गळालेले.

कंडक्टरचा एक धडा इथं उपयोगी पडतो. रोजची गाडी असली की रोजची माणसं असतात. सकाळच्या गाडीला तिसऱ्या सीटवर एक मास्तर बसायचे. चढलेल्यांकडं मी फारसं बघायचो नाही, पण एके दिवशी ती सीट दुसऱ्यानं धरली आणि मला कसंतरी झालं. भरलेली गाडी मोजता मोजता रिकामी जागा बघायची, एवढंच ते कसब. उपासनेत मी आता मागच्या बाकावर बसतो आणि कोण नाही ते बघतो. सलग दोन रविवार नाही दिसलं, की त्या आठवड्यात घर गाठायचं.

पण गेल्यावर ‘का आला नाहीत?’ हे विचारायचं नाही. १ शमुवेलाच्या विसाव्या अध्यायात अमावास्येच्या जेवणाला दावीदाची जागा रिकामी राहते. पहिल्या दिवशी राजा शौल काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी विचारतो, इशायाचा मुलगा काल आणि आज जेवायला का आला नाही? प्रश्न वरवर काळजीचाच वाटतो. पण शौलाला दावीदाला मारायचं होतं. एवढ्या टोकाला आपण जात नाही हे कबूल, तरी ‘का आला नाहीत’मध्ये हजेरीपट वाजतो आणि माणूस कारणं शोधू लागतो. त्याऐवजी म्हणायचं, “तुमची जागा रिकामी दिसली, करमलं नाही.” एवढ्यावर माणूस दार उघडतो.

मी एक वही ठेवली आहे, शंभर पानी. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौल दोन डझनांहून जास्त माणसांना नाव घेऊन सलाम सांगतो, आणि बहुतेकांच्या नावापुढं एक ओळ लावतो. हिनं पुष्कळ श्रम केले, हा माझ्याबरोबर तुरुंगात होता, रूफाची आई ती माझीही आई. रोमला तोवर तो गेलेलाही नव्हता. माझी वही तशीच आहे, नाव आणि एक ओळ. ‘मुलगा पुण्याला, फोन शनिवारी करतो.’ ‘साखर, पण लाडू सोडत नाही.’ ‘मालकांची वर्षतारीख, मार्गशीर्ष नव्हे, १२ डिसेंबर.’ ही ओळ असली की पुढच्या भेटीत पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

१८५२ साली रॉयल वाईल्डर कोल्हापुरात आले आणि त्या कामातून इथली जुनी मंडळी उभी राहिली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी घरं आहेत. त्याचा तोटा असा, की ‘त्यांचं काय, आम्हाला सगळं ठाऊक आहे’ असं वाटत राहतं. आक्कांच्या सासऱ्यांना माझे आजोबा ओळखत होते. त्यांचा हात कापतो हे मात्र मला माहीत नव्हतं.

जाताना

वेळ बघून जा. कोल्हापुरात नळ यायच्या वेळेला कुणाच्या दारात उभं राहणं म्हणजे शिव्या खाणं. दुपारी दोन ते चार माणसं पडतात. मी साडेचार-पाचला जातो, चहाच्या सुमारास. नीतिसूत्रांत एक मिश्कील वचन आहे (२७:१४), पहाटे उठून मोठ्यानं आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शाप समजला जातो. ज्यानं लिहिलं त्याच्या शेजारी आमच्या एका डीकनसारखा, म्हणजे चर्चमधल्या सेवकासारखा, कुणीतरी असणार. आणि २५:१७ मध्ये तर सरळ सांगितलंय, शेजाऱ्याच्या घरी पाऊल वारंवार टाकू नको, तो कंटाळेल. अर्धा तास पुष्कळ झाला. आजारी माणसाकडं पंधरा मिनिटं. घरचा माणूस ‘बसा ओ, जेवूनच जावा’ म्हणाला तरी उठायचं. कोल्हापुरात तसं म्हणतातच.

एकट्या बाईच्या घरी मी एकटा जात नाही. आमची मंडळी, म्हणजे घरातली, चर्चची नव्हे, बरोबर असते. ती नसली तर दार उघडं ठेवून उंबऱ्याजवळच्या खुर्चीत बसतो. यात अविश्वास कुणावर नाही. उद्या गल्लीत आक्कांना कुणी काही बोलू नये, एवढंच.

रिकाम्या हातानं जाऊ नये, पण हात भरून वाकेल इतकंही नेऊ नये. इशाय दावीदाला रणावर भावांना बघायला पाठवतो, तेव्हा एफाभर भाजलेलं धान्य आणि दहा भाकरी देतो. एफा म्हणजे वीस-बावीस लिटरचं माप. वर त्यांच्या सरदारासाठी चीजचे दहा तुकडे. बाप व्यवहारी होता, साहेबाचा वाटा विसरला नाही. मग सांगतो, भाऊ बरे आहेत का बघ आणि त्यांची काहीतरी खूण घेऊन ये. ‘बरे आहेत म्हणाले’ एवढ्या निरोपावर इशायाचं भागणार नव्हतं. डोळ्यानं बघितल्याची खूण हवी होती.

मी सुरुवातीला भडंगाचा पुडा न्यायचो. दात नसलेल्या माणसाला भडंग नेणारा मी एकटाच असेन. आता ज्याचं त्याला बघून नेतो. पोरगं परीक्षेला असेल तर केळी, बाळंतीण असेल तर डिंकाचे लाडू, म्हाताऱ्याला मऊ उसळ.

काय विचारायचं

पुराचे दिवस आठवा. पंचगंगेला पाणी चढायला लागलं की अख्खं कोल्हापूर एकच विचारतं, “बंधाऱ्यावर किती फूट?” राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. ‘नदी बरी आहे का?’ असं कुणी विचारत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत मी वही घेऊन फोन करत बसलो होतो. ‘तुम्ही बरे आहात ना’ म्हटलं की ‘व्हय व्हय’ यायचं. मग विचारायला लागलो, पाणी कुठल्या पायरीला आहे? गाडी कुठं लावलीय? गोळ्या किती दिवसांच्या आहेत? रात्री झोपणार कुठं? तेव्हा कळलं, सुतारवाड्याजवळचं एक कुटुंब सामान हलवून बसलंय, पण म्हातारा घर सोडायला तयार नाही आणि त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या काल संपल्यात.

माणसाचीही अशीच पातळी विचारावी लागते. माझे प्रश्न अगदी साधे असतात. काल रात्री काय जेवलात? झोप कितीला लागली, कितीला उघडली? शेवटचं बाहेर कधी पडला होता? औषध कोण आणून देतं? ‘बरं’ या शब्दात या प्रश्नांची उत्तरं देताच येत नाहीत. आणि मी पाणी मागतो. तहान असो नसो. पाणी आणायला उठताना माणूस कसा उठतो, भिंतीला हात लावतो का, तांब्या धरताना हात हलतो का, हे बसल्या जागी दिसतं. आपणच आत गेलो तर तवाही दिसतो. मात्र झाकणं उघडून बघायची नाहीत. दिसेल तेवढं बघायचं.

योसेफ तुरुंगात होता. राजाचा प्यालेबरदार आणि आचारी त्याच्या ताब्यात होते. एके सकाळी त्यांच्याकडं बघून त्यानं विचारलं, आज तुमची तोंडं उतरलेली का? त्या प्रश्नातला ‘आज’ मला महत्त्वाचा वाटतो. काल त्या तोंडांकडं बघितलं असेल त्यालाच आज विचारता येतं. आणि हा स्वतः कुठं होता? नाहक तुरुंगात, भावांनी विकलेला. तरी दुसऱ्याच्या तोंडाकडं त्याचं लक्ष होतं.

पुरुषमाणसांचं वेगळं. समोर खुर्ची टाकून बसलं की बाप्या पोलिस ठाण्यात आणल्यासारखा बसतो. शिरोलीतल्या एका फौंड्रीत काम करणारा आमचा एक भाऊ, काम सुटून दोन महिने झाले तरी घरात सांगितलं नव्हतं. डबा घेऊन रोज निघायचा. मी त्याच्या घरी दोनदा जाऊन आलो, काही उलगडलं नाही. तिसऱ्यांदा म्हटलं, “चल भावा, रंकाळ्याला एक फेरी मारू.” अर्धी फेरी तो पाण्याकडं बघत कोल्हापूरच्या फुटबॉलवर बोलला. मग तोंड तिकडंच ठेवून म्हणाला, “मामा, काम गेलंय माझं.” अम्माऊस गावच्या वाटेवर पुन्हा उठलेला प्रभू येशू आपल्या दोन शिष्यांना असाच चालता चालता भेटला. काय बोलत होता रे, म्हणून विचारलं. ते म्लान तोंडानं थांबले आणि मग त्याला न ओळखता त्याच्याच मरणाचं सगळं सांगत सुटले. काय घडलं ते त्याला माहीत होतं. तरी त्यानं त्यांना सांगू दिलं.

गप्प बसणं

सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र बदनाम आहेत, आणि ते योग्यच आहे. पण सुरुवातीला त्यांनी जे केलं ते आपल्यातल्या किती जणांना जमेल? लांबून आले, त्याला ओळखू शकले नाहीत, रडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले. एक शब्द नाही. का, तर त्याचं दुःख फार मोठं होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

म्हणून मृत्यूच्या घरी मी चार वाक्यं घरीच ठेवून जातो. ‘देवाची इच्छा.’ ‘सुटले बिचारे.’ ‘तुम्ही खंबीर राहायला पाहिजे.’ आणि ‘माझ्या मेव्हण्याचं पण असंच झालं होतं.’ हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण त्यानंतर वीस मिनिटं मेव्हण्याचीच गोष्ट चालते. दुखणाऱ्या मनापुढं गाणी गाणं म्हणजे थंडीत अंगावरचं पांघरूण काढून घेणं, असं नीतिसूत्रांत आहे (२५:२०). मी एका घरी खरोखर गीत म्हणायला लावलं होतं. त्या बाईनं पदर तोंडात कोंबला. ते अजून डोळ्यापुढून जात नाही.

प्रार्थना विचारून करा, आणि छोटी करा. प्रार्थनेच्या आडून उपदेश करायची आपल्याला वाईट खोड आहे. डोळे मिटलेले असल्यानं समोरच्याला अडवताही येत नाही.

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली पडून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. हलवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. तो खाऊन पुन्हा झोपला. दूतानं झोपू दिलं, परत उठवलं, परत खाऊ घातलं. ‘एलीया, तू इथं काय करतोस?’ हा प्रश्न परमेश्वरानं विचारला तो त्याच्या कितीतरी पुढं, चाळीस दिवसांनी होरेबाला पोचल्यावर.

पण समोरचा माणूस एलीयासारखं बोलायला लागला, जगून काय करू म्हणाला, तर ते हसण्यावारी न्यायचं नाही आणि घाबरून विषयही बदलायचा नाही. ही धोका पातळी समजायची. सरळ विचारायचं, ‘जीव द्यायचं मनात येतंय का?’ विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही; उलट ओझं थोडं हलकं होतं. त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या एका माणसाला बोलवायचं, डॉक्टरकडं न्यायचं. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. माझ्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत तो लिहिलेला आहे, त्याच्याखाली ज्येष्ठांसाठीचा १४५६७ आणि ॲम्ब्युलन्सचा १०८.

मदत करायची तर

तव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं आक्कांना डबा लावून दिला. महिन्याचे पैसे चौघांनी वाटून भरले. पाचव्या दिवशी कळलं, डब्यातल्या पातळ चपात्या गल्लीतली कुत्री खातायत. मला राग आला. आमची मंडळी म्हणाली, “तुम्ही विचारलं होतं का त्यांना?”

नव्हतं विचारलं. बार्तीमय आंधळा होता, आरडाओरडा करत आला, त्याला काय हवंय हे यरीहोतल्या कुणालाही सांगता आलं असतं. तरी येशूनं विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं? मग मी आक्कांपुढं जाऊन बसलो. म्हणाल्या, “कंडक्टर, मला चपाती उतरत न्हाय रं. भाकरी पायजे. आन्‌ माझ्याच तव्यावरची.”

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य मी त्या दिवसापासून सोडून दिलं. याकोबाच्या पत्रात (२:१६) असल्याच वाक्याची खरडपट्टी आहे: उघड्या-भुकेल्याला जा, ऊब घे, पोटभर खा म्हणायचं आणि द्यायचं काही नाही. लागलं तरी माणूस सांगत नाही, लाजतो. त्यापेक्षा दोनातलं एक विचारावं. मंगळवारी नेऊ दवाखान्यात का बुधवारी? दळण आणू का भाजी? पौलानंही आपला शिष्य तीमथ्य याला मोघम लिहिलं नाही. त्रोवसात कार्पाकडं माझा झगा राहिलाय तो घेऊन ये, पुस्तकं आण, हिवाळ्याच्या आधी ये. तुरुंगातल्या माणसाला थंडी वाजत होती, इतकी साधी गोष्ट.

आणि शेजारी. लांबच्या भावापेक्षा जवळचा शेजारी बरा, हे नीतिसूत्रांतलंच (२७:१०). आक्कांचा मुलगा मुंबईत आहे, चांगला आहे, पैसे पाठवतो. पण घराची एक किल्ली आता शेजारच्या त्या पोरीकडं आहे. ती ख्रिस्ती नाही, तिच्या आईला मी सगळं समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “आधी बोलायचं न्हवं का ओ?” गोळ्या सुरू झाल्यात, कंप कमी आहे, गेलेला नाही.

ऐकलेलं कुठं ठेवायचं

इथं आपली मंडळी फार घसरते. ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणत शनिवारी संध्याकाळी जे सुरू होतं ते रविवारी सकाळी पाळकसाहेबांच्या कानावर मीठमसाला लावून पोचतं. भेटीतून उठताना मी आता विचारतो, “हे मी कुणाला सांगू, आणि कुणाला नको?” शिरोलीच्या भावानं सांगितलं, “पाळकांना सांगा, माझ्या मेव्हण्याला न्हाय.” तेवढंच केलं. जिवावरचं असेल तर मात्र गुपित पाळायचं नाही, आणि ‘मी हे सांगणार आहे’ असं त्या माणसाला तोंडावर सांगायचं.

पुन्हा

दफनविधीनंतर आठ दिवस घरात चपला ठेवायला जागा नसते. पंधराव्या दिवशी घरात फक्त पंखा फिरतो. मी तेव्हा जातो. प्रेषितांच्या कृत्यांत (१५:३६) पौल आपला सोबती बर्णबा याला म्हणतो, चल, ज्या ज्या गावी वचन सांगितलं तिथं पुन्हा जाऊ आणि भावांचं कसं काय चाललंय बघू. पुढच्याच ओळींत मार्काला न्यायचं का नाही यावरून दोघांचं इतकं वाजतं की दोघं दोन वाटांनी जातात. आमच्या भेट समितीतही वाजतं. एकाला गुरुवार चालत नाही, एकीला दुसरीबरोबर जायचं नाही. जाऊ दे, दोन वाटांनी गेलं तर दोन घरं होतात.

आक्कांकडं गुरुवार ठरलाय. तवा मी चिंचेनं आणि वीटकरीच्या भुकटीनं घासला, आमच्या मंडळीनं त्यावर तेल चोपडून कांदा फिरवला. शेजारची पोर आता संध्याकाळी आक्कांच्या घरी भाकऱ्या थापते, दोन त्यांच्या, चार आपल्या घरच्या. आक्का स्टुलावर बसून तिला कटकट करतात, जाड झाली, कड फाटली, पाणी जास्त झालं. गेल्या खेपेला मीही एक खाल्ली, खर्डा घेऊन. कड फाटलीच होती. पोर म्हणाली, उलथन्याची मूठ हालतेय, म्हणून उलटताना फाटते. वहीत लिहून ठेवलंय, गुरुवारी नवं उलथनं न्यायचं, लाकडी मुठीचं.